एका चंचुपात्रामागची घराणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

प्रयोगशाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईची एखादी मोठी संस्था येते. पांढरे डगले, सूक्ष्मदर्शक, रंगीत द्रावणं. पण जरा विचार करा. आपल्या अकोले तालुक्यात रोज सकाळी कितीतरी प्रयोगशाळा उघडतात. गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट काढतात ना, ती प्रयोगशाळाच. अगस्ती साखर कारखान्यात गाळपाच्या हंगामात उसाच्या रसाचा ब्रिक्स आणि पोल पाहतात, तीही प्रयोगशाळा. दवाखान्यातली रक्त-लघवी तपासण्याची खोली, माती परीक्षणाचं केंद्र, शाळेतली विज्ञानाची खोली, या सगळ्या प्रयोगशाळाच. आणि यातल्या बहुतेक ठिकाणी निघणाऱ्या आकड्यावर कुणाचा तरी पैसा, कुणाचं तरी औषधपाणी किंवा कुणाचे तरी मार्क ठरत असतात.

या आकड्यांचं श्रेय आपण तपासणाऱ्याला देतो. आकडा चुकला तर दोषही त्यालाच. ज्या काचेत तो आकडा निघाला, त्या काचेची आठवण कुणाला होत नाही. परीक्षानळी, चंचुपात्र, शंकुपात्र, ब्युरेट, पिपेट ही नावं दहावी-बारावी झालेल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. त्या भांड्यांवर छापलेलं ‘बोरोसिल’ हे नावही पुष्कळांनी वाचलेलं आहे. मात्र हे नाव आलं कुठून, ही काच कुणी केली, आणि ती करणारा कारखाना साठ वर्षांहून अधिक काळ टिकला कसा, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आज ती सांगायची आहे. गोष्ट मुंबईची आहे, पण तिचा एक धागा जर्मनीत, एक अमेरिकेत आणि शेवटचा धागा आपल्या शेजारच्या नाशकात आहे.

टाकणखाराची करामत

आधी काचेचं थोडं शास्त्र पाहू. साध्या काचेच्या पेल्यात एकदम उकळता चहा ओतला तर पेला तडकतो. असं का होतं? काच उष्णता चटकन पुढे जाऊ देत नाही. आतली बाजू तापून फुगते, बाहेरची बाजू थंडच राहते. आतली बाजू पसरायला बघते, बाहेरची तिला अडवते. या ओढाताणीत काच फुटते. म्हणजे दोष उष्णतेचा नाही, काचेच्या फुगण्याचा आहे. फुगणं कमी करता आलं तर तडकणंही कमी होईल.

हे साधलं बोरॉननं. सोनाराच्या दुकानात डाग देताना वापरतात तो टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, हा बोरॉनचाच क्षार. पूर्वी तो तिबेट आणि लडाखकडून खाली येत असे. काचेचा मुख्य घटक म्हणजे वाळूतली सिलिका. प्रयोगशाळेच्या काचेत ती सुमारे ८० टक्के असते आणि बोरॉनचा ऑक्साइड १३ टक्क्यांच्या आसपास. एवढ्यानं काचेचं स्वरूप पालटतं. खिडकीची साधी काच तापल्यावर जेवढी पसरते, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश ही काच पसरते. शिवाय आम्लांना ती दाद देत नाही. त्यामुळे भांड्यातलं द्रावण भांड्यातच विरघळलेल्या काचेनं बिघडत नाही. रसायनशास्त्रज्ञाला न तडकण्याइतकंच हेही महत्त्वाचं असतं.

ही काच प्रथम सिद्ध केली जर्मनीतल्या ऑटो शॉट यांनी. त्यांचं घराणं खिडकीची काच करणारं. १८८४ मध्ये येना या गावी अर्न्स्ट आबे आणि कार्ल झाइस व रोडेरिक झाइस हे पिता-पुत्र यांच्या साथीनं त्यांनी काचेची प्रयोगशाळा आणि कारखाना काढला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांची बोरोसिलिकेट काच बाजारात आली. जगभरच्या प्रयोगशाळांत ‘येना ग्लास’ हा शब्द खात्रीचा मानला जाऊ लागला. हिंदुस्थानातल्या कॉलेजांतही तीच काच बोटीनं येत असे.

कंदिलापासून केकपर्यंत

दुसरा धागा अमेरिकेचा. एमरी होटन नावाचे गृहस्थ १८५१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये काचेच्या धंद्यात पडले. पुढे त्यांनी ब्रुकलिनचा एक कारखाना घेतला आणि १८६८ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग या छोट्या गावी हलवला. गावाचं नाव कारखान्याला मिळालं. एडिसनच्या विजेच्या दिव्यासाठी काचेचे फुगे इथंच फुंकले गेले. १९०८ मध्ये या कारखान्यानं स्वतःची संशोधनशाळा काढली. त्या काळी काच कारखान्यात शास्त्रज्ञाला पगारावर ठेवणं ही चैन समजली जाई.

त्या संशोधनाला निमित्त झाले रेल्वेचे कंदील. सिग्नलच्या कंदिलाची काच आतून ज्योतीनं तापलेली असायची आणि वरून पावसाचा, बर्फाचा मारा व्हायचा. काच फुटली की सिग्नल गेला, आणि सिग्नल गेला की गाडीचा जीव धोक्यात. कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनी न फुटणारी काच काढली. ती इतकी टिकाऊ निघाली की रेल्वेकडून नव्या काचांची मागणीच घटली! चांगला माल करणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला हा पेच कधी ना कधी पडतो. तो लक्षात ठेवा, पुढे आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

मग या काचेचं करायचं काय? जेसी लिटलटन नावाच्या तिथल्या शास्त्रज्ञाच्या पत्नी बेसी यांनी १९१३ मध्ये बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ घेऊन त्यात केक भाजून पाहिला. केक उत्तम झाला, काचेला काही झालं नाही. त्या काचेत शिसं होतं, म्हणून स्वयंपाकासाठी नवं मिश्रण करण्यात आलं. १९१५ मध्ये ‘पायरेक्स’ हे नाव बाजारात आलं. त्याच काचेची प्रयोगशाळेची भांडीही निघाली. मुहूर्तही तसाच मिळाला. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं होतं आणि जर्मनीची काच बंद झाली होती.

आपल्याकडची भट्टी

त्या युद्धानं हिंदुस्थानालाही एक धडा दिला. परीक्षानळीसारखी साधी वस्तूसुद्धा परदेशातून येते आणि बोट थांबली की प्रयोगही थांबतो, हे इथल्या प्राध्यापकांच्या आणि कारखानदारांच्या लक्षात आलं.

महाराष्ट्रात काचेचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथं काच कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय या परदेशात शिकून आलेल्या तंत्रज्ञानं तो उभा केला. हा नुसता कारखाना नव्हता, काच करायला शिकवणारी शाळा होती. तिथून शिकून गेलेल्यांनी देशात ठिकठिकाणी काचेच्या भट्ट्या पेटवल्या. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंनी आपला काच कारखाना काढला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात लटकलेला असायचा. ओगलेवाडी हे गावाचं नावच त्या कुटुंबावरून पडलं. अमेरिकेत काय आणि सातारा जिल्ह्यात काय, काचेचा धंदा कंदिलाच्या उजेडात वाढला, हा योगायोग मोठा मजेचा आहे.

पण कंदिलाची काच वेगळी आणि ब्युरेटची वेगळी. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. त्याच वर्षी कोलकात्यात काच आणि सिरॅमिक संशोधनाची मध्यवर्ती संस्था सुरू झाली. देशभर कॉलेजं निघत होती, औषधांचे कारखाने उभे राहत होते. प्रत्येकाला न तडकणारी, मापाला खरी काच हवी होती. १९५७ च्या सुमारास देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि आयातीवर कडक बंधनं आली. परदेशी काच मागवायची तर परवाना हवा, आणि परवाना मिळणं म्हणजे देव पावणं. अशा वेळी ती काच इथंच करणं हाच मार्ग उरला.

१९६२ : मरोळची भट्टी

डिसेंबर १९६२ मध्ये मुंबईत एका कंपनीची नोंदणी झाली. नाव लांबलचक होतं, इंडस्ट्रियल अँड इंजिनिअरिंग अपरेटस कंपनी. तंत्रज्ञान आणि भागीदारी होती त्या होटन घराण्याच्या कॉर्निंगची. कारखाना अंधेरी पूर्वेला मरोळला निघाला. १९७५ मध्ये कंपनीचं नाव बदलून बोरोसिल ग्लास वर्क्स झालं. बोरॉन आणि सिलिका या दोन शब्दांची ती जोड आहे. आज ज्या नावावर दुकानदार डोळे मिटून माल देतो, ते नाव म्हणजे काचेची पाककृतीच आहे, असं म्हणायला हरकत नाही.

इथं काम कसं चाले, हे थोडं समजून घेऊ. बोरोसिलिकेट वितळायला साध्या काचेपेक्षा जास्त तापमान लागतं, सोळाशे अंश सेल्सियसच्या आसपास. वितळलेली काच मधासारखी दाट असते. ती साच्यात फुंकून चंचुपात्रं, चंबू होतात. तिच्याच नळ्या ओढतात आणि त्या नळ्या ज्योतीवर फिरवून कारागीर ब्युरेट, पिपेट, कंडेन्सर घडवतात. हे काम हातानं होतं. ज्योत किती धरायची, फुंकर किती घालायची, हे पुस्तकात लिहून येत नाही, उस्तादाच्या शेजारी बसूनच शिकावं लागतं. भांडं घडल्यावर ते पुन्हा तापवून हळूहळू निववतात, म्हणजे आत कोंडलेला ताण निघून जातो.

यानंतर येतं माप. पिपेटवरची रेघ कशी ठरते? तिच्यात ऊर्ध्वपातित पाणी घेतात, ते बारीक तराजूवर तोलतात, पाण्याचं तापमान पाहतात आणि त्या वजनावरून आकारमान काढतात. दहा मिलिलिटरच्या पहिल्या दर्जाच्या पिपेटमध्ये ०.०२ मिलिलिटरहून जास्त फरक चालत नाही. हा फरक एका थेंबाच्या निम्म्याहूनही कमी असतो. आणखी एक गंमत पाहा. युरोपात ही मापं २० अंश तापमानाला धरतात, कारण तिथली खोली तेवढी थंड असते. आपल्या भारतीय मानकात संदर्भाचं तापमान २७ अंश धरलेलं आहे. काचेलाही इथलं हवामान मानावं लागलं.

दुधाच्या फॅटचा हिशेब

हे सगळं अकोल्याच्या शेतकऱ्याशी कुठं जोडलं जातं, असं कुणी विचारेल. तर दुधाचं उदाहरण घेऊ.

दुधातली स्निग्धता मोजण्याची गर्बर पद्धत निकोलाउस गर्बर या स्विस रसायनतज्ज्ञानं १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला दिली. काचेच्या एका खास नळीत गंधकाचं आम्ल घ्यायचं, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध आणि थोडं अमाइल अल्कोहोल घालायचं, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. फॅट वर येतं आणि रेघांवर आकडा वाचायचा. गर्बरनं आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि तिच्यावर उद्योग उभा केला. साधारण त्याच सुमाराला अमेरिकेत स्टीफन बॅबकॉक यांनी जवळजवळ अशीच पद्धत काढली आणि पेटंट न घेता ती शेतकऱ्यांना मोकळी करून दिली. दोघांमुळे दुधाचा भाव पाण्यावरून नाही, फॅटवरून ठरू लागला. पाणी घालणाऱ्याला चाप बसला आणि म्हशीचं सकस दूध घालणाऱ्याला न्याय मिळाला.

आता धरून चला की एखाद्या ठिकाणची दुधाची पिपेट चुकीची आहे. तिच्यात १०.७५ ऐवजी साडेदहाच मिलिलिटर दूध मावतं. डोळ्याला हा फरक दिसणारही नाही. पण ज्या दुधाचं खरं फॅट ४.० आहे, ते या पिपेटनं ३.९ भरेल. एका पॉइंटचा फरक. दर फॅटवर असला तर लिटरमागे काही पैसे गेले. दहा लिटर दूध घालणाऱ्याला तो फरक जाणवणार नाही, पण वर्षभराचा आणि गावभराचा हिशेब केला तर रक्कम लहान राहत नाही. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. फक्त काच खोटी होती. आता बऱ्याच केंद्रांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली आहेत, पण ती यंत्रं बरोबर चालतात की नाही हे ताडून पाहायला शेवटी गर्बरच्या काचेकडेच यावं लागतं.

ऊस घालणाऱ्यांनाही हे लागू आहे. उसाचा किफायतशीर भाव साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला आहे आणि उताऱ्याचा आकडा कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निघतो. म्हणून मी म्हणतो, प्रयोगशाळेची काच हा फक्त प्राध्यापकांचा विषय नाही.

मालक बदलले, नाव राहिलं

पुन्हा मरोळला येऊ. १९८८ मध्ये कॉर्निंगनं बोरोसिलमधून अंग काढून घेतलं आणि आपला हिस्सा बी. एल. खेरुका यांच्या कुटुंबाला विकला. हे कुटुंब मूळ कोलकात्यात व्यवसाय केलेलं, काचेच्या धंद्यातलं. म्हणजे एका काच-घराण्यानं लावलेलं रोप दुसऱ्या काच-घराण्याच्या हाती आलं. बी. एल. खेरुका, त्यांचे पुत्र प्रदीपकुमार आणि नातू श्रीवर, अशा तीन पिढ्यांनी पुढचा कारभार पाहिला.

घराण्याच्या हातात धंदा असला की सगळं सुरळीत होतं, असा एक भाबडा समज आपल्याकडे आहे. तसं काही नसतं. खेरुकांनी गुजरातेत भरूचजवळ सपाट काचेचा कारखाना काढला आणि १९९४ मध्ये तिथं उत्पादन सुरू झालं. पण त्याच दशकात फ्लोट पद्धतीची काच देशात होऊ लागली. ती जास्त गुळगुळीत होती आणि मोठ्या कंपन्यांची होती. जुन्या पद्धतीच्या काचेला टिकाव धरणं कठीण गेलं. तोट्याची वर्षं आली.

इथं काच-धंद्याची एक अडचण सांगायला हवी. गिरणी रात्री बंद करून सकाळी चालू करता येते. काचेची भट्टी तशी विझवता येत नाही. विझवली तर आतली काच गोठते आणि भट्टी निकामी होते. म्हणून ती वर्षानुवर्षं दिवस-रात्र पेटती ठेवावी लागते, माल खपो वा न खपो. काही वर्षांनी तिच्या विटा झिजतात, मग ती पाडून नव्यानं बांधायची. त्याला मोठा पैसा लागतो. अशा धंद्याला तीन महिन्यांचा नफा पाहणारा मालक पुरत नाही, वीस वर्षं थांबणारा लागतो. जगातले मोठे काच कारखाने घराण्यांनी काढले, ते घराण्यांजवळ राहिले, यात मला हे कारण दिसतं.

भरूचच्या भट्टीला दुसरा जन्म मिळाला तो सूर्यामुळे. सौर ऊर्जेच्या पॅनेलवर लागणारी, लोह कमी असलेली काच २०१० मध्ये तिथं होऊ लागली. देशात ती करणारी ती पहिलीच. तिथंही सुख पूर्ण नव्हतं. चिनी काच स्वस्तात येऊ लागली आणि २०१७ मध्ये सरकारला तिच्यावर डंपिंगविरोधी शुल्क लावावं लागलं. २०२२ मध्ये या समूहानं जर्मनीतला एक सौर काच कारखाना विकत घेण्याचा करार केला. ज्या देशानं जगाला बोरोसिलिकेट दिली, तिथं भारतीय मालक गेला, याचा अभिमान वाटावा असं ते पाऊल होतं. पण २०२५ मध्ये त्या जर्मन कारखान्याला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. स्वस्त चिनी मालापुढे युरोपातली मागणीच आटली होती.

दरम्यान मुंबईत वेगळंच काही घडत होतं. मरोळच्या भट्टीपेक्षा मरोळच्या जमिनीची किंमत वाढली होती. २०१० च्या सुमारास ती जमीन विकली गेली. मुंबईच्या गिरण्यांचं जे झालं तेच. ज्या ठिकाणी साठच्या दशकात कामगार ज्योतीवर नळ्या फिरवत होते, तिथला कारखाना गेला. उत्पादन दुसरीकडे हललं. कंपनीच्या हातात भांडवल आलं, हे खरं. ते भांडवल नव्या उद्योगात घातलं गेलं, हेही खरं. पण पंचवीस-तीस वर्षं फुंकर घालणाऱ्या कारागिराला त्याच्या कलेसह दुसऱ्या गावी नेऊन लावता येत नाही. कंपनीच्या ताळेबंदात या नुकसानीला रकाना नसतो.

टिकाऊपणाचा पेच

आता तो कंदिलाचा पेच आठवा. प्रयोगशाळेचं चांगलं चंचुपात्र वर्षानुवर्षं टिकतं. शाळा-कॉलेजं ठरावीक, त्यांचं अनुदान तुटपुंजं. मग वाढायचं कुठं? कॉर्निंगनं जे १९१५ मध्ये केलं, तेच बोरोसिलनं आपल्या पद्धतीनं केलं. ती स्वयंपाकघरात शिरली. चहाचे पेले, मायक्रोवेव्हची भांडी, डबे. २०१६ मध्ये तिनं जयपूरची एक ओपल काचेची कंपनी घेतली. घरोघरच्या गृहिणींनी बोरोसिल हे नाव दुकानात मागून घ्यायला सुरुवात केली. बऱ्याच घरांत आईनं हे नाव भांड्यावर वाचलं आणि मुलानं परीक्षानळीवर.

त्याच २०१६ मध्ये आणखी एक व्यवहार झाला. तो आपल्याला जवळचा आहे. नाशिकच्या अमीन कुटुंबाची क्लास पॅक ही कंपनी औषधांच्या काचेच्या कुप्या आणि अँप्यूल करत असे. तिच्यात बोरोसिलनं मोठा हिस्सा घेतला. इंजेक्शनची कुपी ही दिसायला क्षुल्लक वस्तू. पण तिची काच औषधात उतरली तर औषध बिघडतं. २०२०-२१ मध्ये करोनाच्या लशी आल्या तेव्हा लस तयार आहे पण कुप्या पुरतील का, अशी चर्चा जगभर झाली. तेव्हा कुठं लोकांना कळलं की लशीच्या आधी काच लागते.

पुढे समूहाची पुनर्रचना झाली. २०२० मध्ये सौर काच आणि घरगुती भांडी यांच्या कंपन्या वेगळ्या झाल्या. त्यानंतर प्रयोगशाळेच्या काचेचा व्यवसाय वेगळा काढून तो या नाशिकच्या कंपनीत घालण्यात आला, तिचं नाव बोरोसिल सायंटिफिक झालं आणि २०२४ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. म्हणजे १९६२ मध्ये मुंबईत अमेरिकन मदतीनं जे काम सुरू झालं, ते कागदोपत्री नाशकात जन्मलेल्या एका कुटुंबाच्या कंपनीत येऊन बसलं. अकोल्याहून निघालेला माणूस सिन्नरच्या रस्त्यानं दुपारपर्यंत पोचेल इतकं नाशिक जवळ आहे.

मालकी कुणाची असावी?

या सगळ्या गोष्टीत मालकीचे निरनिराळे नमुने दिसतात. कॉर्निंग होटन घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या चालवली. २००५ मध्ये जेम्स होटन मुख्य अधिकारीपदावरून उतरेपर्यंत ते नाव तिथं होतं. शॉटचा कारखाना मालकांनी स्वतः होऊन कार्ल झाइस प्रतिष्ठानाच्या ताब्यात दिला. आपला पैसा फंड हजारो लोकांच्या एकेका पैशातून उभा राहिला. ओगल्यांचा कारखाना भावाभावांनी काढला. आणि बोरोसिल परदेशी कंपनीकडून एका भारतीय कुटुंबाकडे आली.

यातला कुठला नमुना चांगला? माझ्या मते प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा. घराणं असो, प्रतिष्ठान असो की सहकार, भट्टी विझण्याची वेळ आली तेव्हा ज्यानं कळ सोसली आणि मापाच्या रेघेत खोट येऊ दिली नाही, तो टिकला. सहकाराच्या या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. आपले साखर कारखाने आणि दूध संघ काही मोठे झाले, काही बुडाले. फरक कायद्यात नव्हता, चालवणाऱ्यांच्या नियतीत आणि धीरात होता.

शेवटी दोन गोष्टी सांगतो. पहिली दूध आणि ऊस घालणाऱ्यांसाठी. आपल्या संकलन केंद्रावरची पिपेट, काटा, यंत्र शेवटचं कधी तपासलं, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. वजन-मापांची पडताळणी करणारं सरकारचं वैधमापनशास्त्र खातं त्यासाठीच असतं. विचारण्यात भांडण नाही. प्रामाणिक केंद्रचालकाला तर ते हवंच असतं, कारण आकड्यावर विश्वास बसला की उगाच होणारा संशय जातो.

दुसरी गोष्ट शाळांसाठी. कितीतरी शाळांत विज्ञानाचं साहित्य कपाटात कुलूपबंद असतं, कारण एखादी परीक्षानळी फुटली तर रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते आणि भरपाई कुणी करायची हा प्रश्न येतो. त्यामुळे राजूर, कोतूळ, भंडारदऱ्याच्या परिसरातली कितीतरी मुलं दहावी होईपर्यंत ब्युरेट फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहतात. न तडकणारी काच करण्यात माणसांची शंभर वर्षं गेली. ती कपाटात जपून ठेवण्यासाठी नाही. एका साध्या परीक्षानळीची किंमत फार नसते. गावानं वर्षाला वीस नळ्या फुटायला मंजुरी द्यावी, ग्रामपंचायतीनं किंवा माजी विद्यार्थ्यांनी त्याचा भार उचलावा. पैसा फंडाच्या काळात एकेक पैसा देऊन लोकांनी काचेचा कारखाना उभा केला, त्यामानानं हे फार सोपं आहे. शिवाय ज्योतीवर काच घडवणाऱ्या कारागिरांची आज सगळीकडे वाण आहे. कपाटं उघडली तर त्या मुलांतलाच एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या नाशकात त्या ज्योतीसमोर बसेल.